शिरेतून दिलेलं व्हिटॅमिन रक्तापर्यंत किती पोचतं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर किंवा सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात थोडा वेळ बसलं, की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. "सिस्टर, हे दूध शिरेतनं चढवताय व्हय?" आणि "सलाईनला काळी पिशवी का घातलीया वो?" उत्तर मिळतं ते एका वाक्याचं: "त्यात व्हिटॅमिन आहे, उजेड लागू नये म्हणून." सिस्टरच्या हाताखाली त्या वेळी आणखी तीन-चार पेशंट असतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण नातेवाइकाच्या मनात शंका राहतेच. उजेड लागला तर काय होतं? औषध खराब होतं का? मग खराब झालेलं औषध आपल्या माणसाच्या अंगात जातंय का?

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो आणि हा विषय रोजचा आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. वायलच्या, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीच्या, लेबलवर जेवढं व्हिटॅमिन छापलेलं असतं, तेवढं सगळं रक्तात पोचेलच असं नसतं. मधल्या वाटेवर हवा, उजेड, उष्णता, प्लास्टिक आणि त्याच पिशवीतले इतर घटक ते खात असतात. किती उरतं हे औषध कुठल्या कंपनीचं आहे यापेक्षा ते कधी मिसळलं, कुठे टांगलं आणि किती वेळ टांगलं यावर जास्त ठरतं.

हे कसलं सलाईन?

आपण ज्याला सरसकट सलाईन म्हणतो ते बहुतेक वेळा मिठाचं किंवा ग्लुकोजचं पाणी असतं. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. एका भाकरीएवढीही ताकद त्यात नसते. त्यावर माणूस जगू शकत नाही, फक्त पाणी कमी पडत नाही.

ज्याचं आतडं कामच करत नाही, त्याचं काय करायचं? आतड्याला पीळ पडून मोठा भाग काढून टाकलेला पेशंट, आतड्याला छिद्र पडून अन्न पोटात सांडणारा पेशंट, सातव्या महिन्यात जन्मलेलं किलोभर वजनाचं बाळ. अशांना सगळं जेवण शिरेतून द्यावं लागतं. त्याला टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, थोडक्यात टीपीएन म्हणतात. त्या पिशवीत प्रथिनांऐवजी अमायनो ॲसिड असतं, भाताच्या जागी ग्लुकोज आणि तेलाच्या जागी फॅट इमल्शन, म्हणजे पाण्यात अतिशय बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल. पांढरा रंग येतो तो या तेलामुळे. त्यात दूध अजिबात नसतं. शिवाय सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, जस्त, तांबं, सेलेनियम आणि शेवटी व्हिटॅमिन.

ही पद्धत फार जुनी नाही. शिरेतून देता येईल असं सुरक्षित फॅट इमल्शन स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलं. त्याच दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅनली डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी बीगल जातीच्या पिल्लांना आणि मग माणसांना नुसत्या शिरेतल्या आहारावर वाढवून दाखवलं. त्याआधी आतडं गेलेला पेशंट उपासमारीने जायचा आणि डॉक्टरांना हात चोळत बसावं लागायचं.

व्हिटॅमिन १३ आहेत. ए, डी, ई, के ही चार तेलात विरघळणारी, बाकीची नऊ, म्हणजे सी आणि आठ प्रकारची बी, पाण्यात विरघळणारी. प्रमाण बघितलं तर व्हिटॅमिन म्हणजे पिशवीतला सगळ्यात छोटा भाग. बी१२ तर दिवसाला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दोन लाखावा हिस्सा पुरतो. पण हा छोटा भागच सगळ्यात नाजूक.

उसाच्या रसात जे होतं, तेच पिशवीत होतं

रंकाळ्यावर रसवंतीत आपल्यासमोर काढलेला रस फिकट हिरवट-पिवळा असतो. तोच ग्लास तासभर तसाच ठेवला तर काळपट पडतो. रसातले पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. म्हणून रसवाला चरकात लिंबू घालतो. लिंबातलं आम्ल तर मदत करतंच, पण त्यातलं व्हिटॅमिन सी स्वतः ऑक्सिजनच्या तोंडी जातं आणि बाकीच्या रसाला थोडा वेळ वाचवतं. व्हिटॅमिन सी संपलं की रस पुन्हा काळा पडायला लागतो.

टीपीएनच्या पिशवीत व्हिटॅमिन सी हेच करतं. पिशवीत शिरलेला ऑक्सिजन पहिल्यांदा त्याच्यावर तुटून पडतो. किती, याचा ढोबळ हिशोब कागदावर करता येतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात हवेतला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. एवढा ऑक्सिजन जवळपास ४० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी संपवायला पुरतो. म्हणजे दोन लिटरच्या पिशवीतलं पाणी हवेने पूर्ण भरलेलं असेल तर ८० ते ९० मिलिग्रॅम गेलं. मोठ्या माणसाचा टीपीएनमधला दिवसाचा डोस साधारण २०० मिलिग्रॅम धरतात. पिशवी भरताना आत राहिलेल्या हवेचा हिशोब वेगळा. दर एक मिली हवा दीडेक मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी खाऊ शकते. म्हणून पिशवी तयार करणारे लोक वरची हवा काढून टाकायला एवढे जपतात.

यात तांबं आगीत तेल ओततं. शरीराला तांबं लागतं, त्यामुळे ते पिशवीत असतंच, पण त्याचा अगदी सूक्ष्म अंशही व्हिटॅमिन सी आणि ऑक्सिजनची गाठ झपाट्याने घालून देतो. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी व्हिटॅमिन आणि सूक्ष्म खनिजं एकाच वेळी एकाच पिशवीत घालत नाहीत, वेगवेगळ्या वेळी देतात.

पिशवीचं प्लास्टिकही तेवढंच महत्त्वाचं. साध्या ईव्हीए प्लास्टिकमधून पाणी गळत नाही, पण ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. म्हणजे आतला ऑक्सिजन संपला तरी बाहेरून नवा येत राहतो आणि व्हिटॅमिन सी संपत राहतं. अनेक थरांच्या पिशव्या आल्या तेव्हा हे झिरपणं फार कमी झालं. दोन्ही पिशव्या हातात घेतल्या तर सारख्याच दिसतात. फरक किमतीत दिसतो, म्हणून खरेदीच्या वेळी नुसता दर बघणं मला पटत नाही.

मोडलेल्या व्हिटॅमिन सीचा शेवट ज्या पदार्थांत होतो त्यातला एक म्हणजे ऑक्झॅलेट. मुतखडा झालेल्यांना हे नाव माहीत असतं. पिशवीत कॅल्शियमही असतं. पिशवी फार काळ ठेवली तर या दोघांचे खडे तयार होण्याचा धोका असतो. पांढऱ्या द्रवात असला साका डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे फॅट असलेली पिशवी लावताना नळीत १.२ मायक्रॉनचा फिल्टर बसवतात.

उजेडाचे दोन बळी: ए आणि बी२

उजेड सगळ्या व्हिटॅमिनना सारखा बाधत नाही. ए आणि बी२ यांना सगळ्यात जास्त, के आणि ई यांनाही बाधतो, बाकीच्यांना कमी.

व्हिटॅमिन ए ला अतिनील किरण मारतात आणि ते सूर्यप्रकाशात असतात. खोलीतल्या ट्यूबलाइटने त्याचं तसं फारसं बिघडत नाही. पण पश्चिमेच्या खिडकीशेजारी स्टँड असेल आणि मार्च-एप्रिलच्या दुपारचं ऊन थेट पिशवीवर येत असेल, तर ए चा मोठा भाग काही तासांत गेलेला असतो. पिशवी भरलेलीच दिसते, थेंब पडत राहतात, चार्टवर 'व्हिटॅमिन दिले' अशी टिकही होते.

बी२ म्हणजे रायबोफ्लेविन. हे स्वतःच पिवळं असतं आणि मल्टिव्हिटॅमिनच्या वायलचा गर्द पिवळा रंग मुख्यतः त्याचाच. पिवळा पदार्थ निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून याला मारायला ऊनच लागतं असं नाही, दिसणारा निळसर उजेडही पुरतो. आणि बी२ नुसतं मोडून थांबत नाही. उजेड शोषून ते ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनकडे देतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट पदार्थ तयार होतात. ते व्हिटॅमिन सी आणि फॅट दोघांनाही बिघडवतात. बी२ असं बाकीच्यांनाही सोबत घेऊन जातं.

इथे नवजात बाळांचा विषय येतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कावीळ झालेल्या बाळाला पेटीत निळ्या लाइटखाली ठेवतात हे आता घराघरात माहीत आहे. त्या निळ्या प्रकाशाने काविळीचं बिलिरुबिन मोडतं. पण बी२ सुद्धा नेमका तोच निळा प्रकाश शोषतं. टीपीएनची नळी त्या लाइटखालून जात असेल तर बाळाच्या अंगातली कावीळ आणि नळीतलं व्हिटॅमिन, दोन्ही एकाच वेळी मोडत असतात.

बाळाच्या बाबतीत वेगही विरुद्ध जातो. मोठ्या माणसाला दिवसात दोन लिटर जातात, म्हणजे तासाला ८० मिलीच्या वर. एक किलोच्या बाळाला दिवसाला १५० मिलीच्या आसपास, म्हणजे तासाला सहा मिली. नळीत पाच-दहा मिली द्रव मावतो. म्हणजे बाळाच्या नळीतला प्रत्येक थेंब तास-दीड तास त्या उजेडात रेंगाळतो. म्हणूनच लहान बाळांसाठी नुसती पिशवी झाकून भागत नाही, नळीही झाकलेली किंवा नारिंगी रंगाची असावी लागते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या शरीरात पेरॉक्साइडसारख्या पदार्थांना निष्प्रभ करायची यंत्रणाही अजून तयार झालेली नसते. हे लक्षात घेऊन युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखालील मुलांना अमायनो ॲसिड किंवा फॅट असलेला शिरेतला आहार देताना पिशवी आणि नळी दोन्ही शेवटपर्यंत उजेडापासून झाकावीत. मोठ्या माणसांत उजेडामुळे थेट इजा होते असा तेवढा ठाम पुरावा नाही. त्यांच्याबाबत प्रश्न मुख्यतः व्हिटॅमिन वाया जाण्याचा आहे.

पण दूधासारखं पांढरं आहे, त्यातून उजेड आत जाईलच कसा?

हा प्रश्न शहाणा आहे आणि अर्धा बरोबरही. फॅटचे थेंब उजेड विखुरतात, त्यामुळे व्हिटॅमिनना थोडी सावली मिळते. पण पुरेशी नाही. पिशवीच्या बाहेरच्या थरातला द्रव उजेडातच असतो आणि तो सतत हलत असतो. नळीत तर द्रवाची धार एवढी बारीक असते की सावली मिळायला जागाच नसते. पांढऱ्या रंगावर विसंबून पिशवी उन्हात टांगणं चुकीचंच.

ज्याच्या कमतरतेने जीव जाऊ शकतो ते बी१

ए कमी पडलं तर परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण यकृतात साठा असतो. बी१ चं, म्हणजे थायमिनचं तसं नाही. शरीरातला सगळा साठा पंचवीस-तीस मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवडे पुरेल एवढा. खाणंपिणं आधीच सुटलेल्या, खूप दारू पिणाऱ्या किंवा सतत उलट्या होणाऱ्या पेशंटचा साठा तर भरती होण्याआधीच संपत आलेला असतो.

अशा माणसाला शिरेतून भरपूर ग्लुकोज दिलं तर काय होतं? ग्लुकोज जाळून ऊर्जा काढायच्या साखळीत एका नेमक्या पायरीवर बी१ लागतं. ते नसेल तर साखर तिथेच अडते आणि लॅक्टिक ॲसिड साचायला लागतं. रक्त आम्लधर्मी होतं, श्वास जोरात सुरू होतो, बीपी पडतं, हृदय थकतं. डॉक्टर सोडा बायकार्ब देतात, त्याने सुधारणा होत नाही. बी१ शिरेतून दिलं की बऱ्याचदा काही तासांत फरक दिसतो. माणूस वाचतो की नाही हे कोणाला त्या क्षणी बी१ आठवतं यावर अवलंबून असू शकतं.

हे पुस्तकातलं भय नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा देशभर तुटवडा झाला. व्हिटॅमिनशिवाय टीपीएन मिळालेल्या तीन पेशंटमध्ये असंच लॅक्टिक ॲसिड साचल्याची नोंद सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केली. पुढे २००० मध्ये एफडीए या तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने शिरेतल्या मल्टिव्हिटॅमिनचा नमुना बदलला. बी१ रोज ३ मिलिग्रॅमवरून ६, सी १०० वरून २००, आणि आधी नसलेलं के १५० मायक्रोग्रॅम नव्याने घातलं.

आता टिकाऊपणाकडे येऊ. बी१ चा शत्रू उजेड नाही, सल्फाइट आहे. अमायनो ॲसिडच्या काही द्रावणांत रंग बदलू नये म्हणून मेटाबायसल्फाइट घालतात. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस टाकतात, ते याच गंधकाच्या कुळातलं. सल्फाइट बी१ चा रेणू सरळ दोन तुकड्यांत तोडतं आणि ते तुकडे शरीराला बी१ म्हणून निरुपयोगी असतात. पूर्ण भरलेल्या पिशवीत सगळं पातळ झालेलं असतं, त्यामुळे तोडणं सावकाश चालतं. पण कोणी व्हिटॅमिनची वायल सल्फाइट असलेल्या अमायनो ॲसिडच्या बाटलीत थेट सोडून ठेवली तर नुकसान खूप जास्त. म्हणून फार्मासिस्टने अमायनो ॲसिडच्या बाटलीचं लेबल वाचून सल्फाइट आहे का हे बघायला हवं. सल्फाइट नसलेली द्रावणंही मिळतात.

नळीला चिकटून बसणारं व्हिटॅमिन

याचं थोडक्यात. व्हिटॅमिन ए पीव्हीसी प्लास्टिकला चिकटतं. मोडत नाही, नुसतं भिंतीला बसून राहतं आणि पेशंटपर्यंत जात नाही. ॲसिटेट रूपातलं ए जास्त चिकटतं, पामिटेट रूपातलं फार कमी. वायलच्या लेबलवर कुठलं रूप आहे ते लिहिलेलं असतं.

मग आधीच दुप्पट घाला की!

वाया जातंय तर जास्त घालावं, हे सुचणं साहजिक आहे. पण पिशवीत नेमकं किती वाया जाईल हे कोणालाच आधी ठरवता येत नाही. एक पिशवी उन्हात टांगली गेली, दुसरी झाकलेली होती. दुप्पट डोसची दुसरी पिशवी पूर्ण पोचली तर? पाण्यात विरघळणारं जास्तीचं व्हिटॅमिन बहुतांशी लघवीवाटे जातं, पण ए यकृतात साचतं आणि जास्त झालं की विषारी ठरतं. जास्तीच्या सी मधून जास्त ऑक्झॅलेट होतं आणि ते किडनी कमजोर असलेल्या पेशंटला चालत नाही. के जास्त झालं तर रक्त पातळ करायच्या वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. बी१ हा याला सन्मान्य अपवाद. धोक्यातल्या पेशंटला डॉक्टर ते वेगळं आणि मुद्दाम जास्त देतात, आणि ते बरोबरच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. गळती मोजून भरपाई करण्यापेक्षा गळती बंद करणं स्वस्तही आहे आणि सुरक्षितही. शेवटी मिसळा, लगेच लावा, झाका.

कंपनीच सगळं घालून का पाठवत नाही?

आता बहुतेक ठिकाणी तीन कप्प्यांची पिशवी वापरतात. एका कप्प्यात ग्लुकोज, दुसऱ्यात अमायनो ॲसिड, तिसऱ्यात फॅट. मधल्या पट्ट्या हाताने दाबून फोडल्या की तिन्ही एकत्र होतात. फोडायच्या आधी अशी पिशवी महिनोन् महिने टिकते. पण त्यात व्हिटॅमिन नसतं, कारण ते महिनोन् महिने टिकत नाही. कप्पे फोडल्यावर, लावायच्या जरा आधी, सिस्टर किंवा फार्मासिस्ट ते घालतात. व्हिटॅमिन घातल्यापासून २४ तासांत पिशवी संपवायची असा साधारण नियम आहे.

हे घालताना एकदा जवळून बघा. वायल २ ते ८ अंशांच्या फ्रिजमधून येते. पावडरची असेल तर आधी विरघळवून घेतात. पिशवीचा पोर्ट स्पिरिटने पुसून सुई आत जाते आणि पांढऱ्या द्रवात पिवळी धार उतरते. मग पिशवी उलटसुलट करतात, अगदी हळू, कारण जोरात हलवली तर फेस होतो आणि हवा मिसळते. हळूहळू पिवळा पट्टा विरतो आणि सगळी पिशवी साय आल्यासारखी फिकट पिवळी होते. लगेच काळं किंवा नारिंगी कव्हर.

व्हिटॅमिनसुद्धा एकमेकांशी पटवून घेत नाहीत. काही कंपन्या एका डोसच्या दोन वायल देतात आणि फॉलिक ॲसिड, बायोटिन, बी१२ वेगळ्या वायलमध्ये ठेवतात. आणि सगळ्याच वायलमध्ये तेरा व्हिटॅमिन नसतात. के, बी१२ किंवा फॉलिक ॲसिड नसलेली इंजेक्शनंही वापरात आहेत, त्यांच्यासोबत राहिलेली व्हिटॅमिन वेगळी द्यावी लागतात. "मल्टिव्हिटॅमिन दिलंय" एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठी.

जपानने यावर चार कप्प्यांच्या पिशव्या काढल्या आहेत. त्यात व्हिटॅमिन आणि सूक्ष्म खनिजं आपापल्या कप्प्यांत आधीच असतात. एकमेकांशी भांडणारे घटक वेगळ्या खोल्यांत ठेवून शेवटच्या क्षणी एकत्र आणायचे, हीच ती युक्ती.

कोल्हापूरसारख्या शहरासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. मोठ्या शहरातल्या केंद्रात व्हिटॅमिनसकट तयार केलेली पिशवी इथे मागवायची म्हटलं, तर तिच्या २४ तासांतले कितीतरी तास रस्त्यावरच जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. ज्या मालाचं आयुष्य एक दिवसाचं, त्याच्यावर अशा शहराने अवलंबून राहता येणार नाही. तीन कप्प्यांच्या पिशव्या आणि व्हिटॅमिनच्या वायल यांचा वेगवेगळा साठा इथे ठेवायचा आणि पेशंटजवळ मिसळायचं, हेच आपल्याला परवडणारं आहे. पण त्यासाठी फ्रिजला बॅकअप हवा आणि मिसळणाऱ्या हाताला शिक्षण हवं. या दोन गोष्टींवर खर्च होताना मला फार कमी दिसतं.

गोळ्या का नाहीत? आणि ती 'ताकदीची पिवळी सलाईन'?

आतडं चालू असेल तर गोळ्या किंवा साधं अन्न केव्हाही चांगलं. टीपीएन चालू असलेल्या पेशंटचं आतडं थोडं जरी चालू झालं तरी डॉक्टर नाकातल्या नळीने थोडं थोडं अन्न सुरू करतात, ते याचसाठी.

याच्या नेमकं उलटं गावोगाव चालतं. अंगात कसर वाटली, ऊस तोडून थकवा आला, की दवाखान्यात जाऊन पिवळी सलाईन लावून घ्यायची. "पिवळी चढवा डॉक्टर, साधी नको." तो पिवळा रंग बी२ चा. वर सांगितलेला सगळा हिशोब इथेही लागू आहे. बाटली पारदर्शक, कव्हर नाही, कॉट दाराजवळच्या उजेडात, आणि वायल टेबलाच्या ड्रॉवरमधली. जे उरून अंगात जातं त्यातलं पाण्यात विरघळणारं जास्तीचं काही तासांत लघवीवाटे बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक झाली की लोकांना वाटतं औषध लागू पडलं. खरं तर ते औषध चाललेलं असतं बाहेर. थोडी तरतरी येते ती पाणी आणि साखर मिळाल्याने, आणि तासभर पडून राहिल्याने. थकव्यामागे रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, शुगर असेल तर ते मागेच राहतं. कष्टकरी माणसाच्या दिवसाच्या मजुरीतले पैसे असे जाताना बघून मला मनापासून वाईट वाटतं. तेवढ्या पैशात शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणि एक हिमोग्लोबिनची तपासणी होते.

मोडलेलं व्हिटॅमिन विषारी असतं का?

मोठ्या माणसात, नियमाप्रमाणे वापरलेल्या पिशवीत, घाबरण्यासारखं काही नसतं. तोटा आहे तो न मिळालेल्या व्हिटॅमिनचा. दोन-चार दिवस थोडं कमी गेलं तर बहुतेक पेशंटना बाधत नाही. आठवडेच्या आठवडे टीपीएनवर असलेल्या माणसाचं तसं नाही, कारण त्याला दुसरीकडून कुठूनच व्हिटॅमिन येत नाही. अगदी लहान बाळांची गोष्ट वेगळी, ती वर आलीच आहे.

नातेवाइकांनी काय बघावं?

औषधात हात घालू नका, पण डोळे उघडे ठेवा. कव्हर बाजूला सरकलं असेल किंवा पिशवीवर ऊन येत असेल तर सिस्टरना सांगा, पडदा ओढायला सांगा. कव्हर काढून आत किती राहिलं हे सारखं बघत बसू नका, पंपावर आकडा दिसतो. फ्रिजमधली पिशवी "गार आहे, सोसणार नाही" म्हणून गरम पाण्यात ठेवायला सांगू नका, ती ठरल्या वेळी बाहेर काढून ठेवलेली असते. पेशंट रोज दारू घेत होता, बरेच दिवस जेवला नव्हता किंवा उलट्या होत्या, तर ते लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, बी१ चा निर्णय त्यावर ठरतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

आणि २४ तास झाल्यावर पिशवीत शंभर-दोनशे मिली उरलं असेल तर सिस्टर ते काढून टाकतात. महागाचं आहे म्हणून "संपू दे की" असा आग्रह धरू नका. त्यात तोवर व्हिटॅमिन सी फारसं उरलेलं नसतं, आणि साखर, अमायनो ॲसिड आणि तेल असलेला तो द्रव जंतूंना वाढायला मात्र फार सोयीचा असतो.